अपघातात पेल्विस मोडलाय हे रस्त्यावर कसं ओळखायचं (आणि कसं ओळखायला जाऊ नये)

कॅज्युअल्टीवाला

पुण्यातल्या नवले पुलावरच्या अपघातांच्या धाग्यावर परवा कुणीतरी विचारलं होतं, "माणूस शुद्धीत होता, बोलत होता, रक्तही फारसं दिसत नव्हतं, तरी हॉस्पिटल गाठेपर्यंत गेला. असं कसं?" त्या धाग्याचा पुढे काश्मीर झाला (उतार चुकीचा की ट्रकवाले चुकीचे, चालू द्या) आणि प्रश्न तसाच राहिला. म्हणून हा वेगळा धागा.

अशा मृत्यूला कारणं बरीच असतात. छातीत रक्त साचतं, पोटात प्लीहा फाटते. पण बघ्यांच्या आणि कधीकधी आमच्या लोकांच्याही डोक्यात जे सगळ्यांत शेवटी येतं, ते म्हणजे पेल्विस. दोन बाजूंची कमरेची मोठी हाडं आणि मागे मणक्याच्या खालचं त्रिकोणी हाड, असं ते कडं असतं. पुढे जांघांच्या मध्ये एक सांधा, मागे दोन. बांगडी जशी एकाच जागी तुटत नाही तसंच इथेही. पुढे तुटलं असेल तर मागेही काहीतरी निखळलेलं असण्याचीच शक्यता जास्त. आणि मागच्या बाजूला, त्रिकोणी हाडाला चिकटून, शिरांचं दाट जाळं असतं. पेल्विसच्या फ्रॅक्चरमध्ये बहुतेक रक्तस्राव या शिरांमधून आणि हाडाच्या मोडलेल्या तोंडातून होतो, धमनीतून कमी वेळा. हे रक्त बाहेर येत नाही, पोटाच्या पडद्यामागच्या मोकळ्या जागेत उतरतं. तिथे कित्येक लिटर मावतं. मोठ्या माणसाच्या अंगात एकूण रक्त साधारण ५ लिटर, यावरून हिशोब करा.

दुसरी फसवी गोष्ट म्हणजे बीपी. तरुण, धडधाकट माणसाचं बीपी साधारण ३० टक्के रक्त जाईपर्यंत टिकून राहू शकतं. नाडी आधी पळायला लागते, हातपाय गार पडतात, घाम येतो, माणूस उगाच चिडचिडा किंवा बेचैन होतो. "नाटकं करतोय" असं शेजारचा म्हणतो ती हीच वेळ.

आता मूळ प्रश्न, ओळखायचं कसं? आधी कसं नाही ते सांगतो. जुनी पद्धत अशी होती की कमरेच्या दोन्ही हाडांवर हात ठेवायचे आणि आत दाबून, बाहेर फाकवून कडं हलतंय का बघायचं. अजूनही काही जण हे करतात. कृपया करू नका. फ्रॅक्चर जागेवर असेल तर या परीक्षेत काहीच कळत नाही, आणि कडं उघडलेलं असेल तर आत नुकतीच धरलेली रक्ताची गुठळी सुटते. पहिली गुठळी ही सगळ्यांत चांगली. नंतर रक्त पातळ होतं, अंग गार पडतं, आणि गोठण्याची ताकद कमी होत जाते.

मग काय करायचं? विचारायचं. शुद्धीत असलेल्या, न प्यालेल्या माणसाला "कंबर, जांघ, खुबा, पाठीचा खालचा भाग, इथे कुठे दुखतंय का" एवढं विचारलं तर निम्मं काम होतं. मग हात न लावता बघायचं. एक पाय आखूड दिसतोय का, पाऊल बाहेरच्या बाजूला लोळतंय का (आणि मांडी किंवा पाय मोडल्याची दुसरी खूण नाही), जांघेत, अंडकोषांवर किंवा कुशीत काळंनिळं झालंय का, लघवीच्या जागी रक्त दिसतंय का. यातलं काहीही असलं तर पेल्विस मोडलाय असंच धरून चालायचं. पण काहीच दिसत नसेल आणि माणूस बेशुद्ध आहे, प्यायलेला आहे, किंवा मांडीचं हाड इतकं वाईट मोडलंय की त्याला बाकी काही जाणवतच नाही, तर तपासणीवर विश्वास ठेवायचा नाही. तिथे अपघात कसा झाला हेच निदान.

टूव्हीलर समोरून धडकली, माणूस बोनेटवर आपटला, परांचीवरून पडला, गाडीच्या ज्या दारावर दुसरी गाडी आदळली त्याच बाजूला बसला होता, बसचं चाक अंगावरून गेलं. असं काही घडलं असेल आणि नाडी पळत असेल, तर एक्स-रे काढेपर्यंत पेल्विस मोडलेलाच धरायचा.

चर्चा करू. प्रश्न विचारा.

सदाशिव_पेठी

माहितीपूर्ण. एक शंका. आपण सामान्य माणसं. वरचं सगळं वाचून करायचं काय? पुण्यात अपघात झाला की पाचव्या मिनिटाला चार जण दोन हात दोन पाय धरून झोळी करतात आणि रिक्षात कोंबतात. तिथे "थांबा, जांघेत दुखतंय का विचारू" म्हणणाऱ्याला लोक खुळ्यात काढतील.

कॅज्युअल्टीवाला

खुळ्यात काढू देत. ती झोळीच सगळ्यांत वाईट. पाय ओढले जातात, कंबर मध्ये लोंबते, आणि मग रिक्षात बसवताना मांड्या दुमडून फाकवल्या जातात. पेल्विस उघडायचा असेल तर याहून सोयीचा मार्ग नाही. त्याच्याच जोडीला "काही नाही झालं, ऊठ, चालून बघ" हा आपला राष्ट्रीय उपचार.

सामान्य माणसाने करायचं ते थोडकं आहे. ट्रॅफिक थांबवा, १०८ ला फोन लावा, उघडं रक्त वाहत असेल तर दाबून धरा, आणि माणसाला आहे तसा पडू द्या. गाडी पेटतेय किंवा मागून ट्रक येतोय असं असेल तर अर्थातच ओढा, तिथे पेल्विस वगैरे नंतर. पाणी पाजू नका, ऑपरेशन लागू शकतं. अंगावर जाकीट, चादर, काहीही घाला. अंग गार पडलं की रक्त गोठत नाही, आणि हे आपल्याकडे मे महिन्यातसुद्धा होतं.

आणि अँब्युलन्स आली की एक वाक्य नीट सांगा, तो कसा पडला ते. "अ‍ॅक्सिडेंट झालाय" हे त्यांना दिसतंच. "बाईक डिव्हायडरला समोरून धडकली, तो टाकीवरून पुढे फेकला गेला" हे फक्त तुम्हीच पाहिलेलं असतं.

बुलेटबाबा

टाकीवरून म्हणजे? जरा खुलासा करा, आमचा जीव टाकीला लागूनच असतो.

कॅज्युअल्टीवाला

मोटारसायकल समोरून थांबली तरी अंग पुढे जात राहतं. सीटवरून घसरून माणूस जांघेने पेट्रोलच्या टाकीवर आदळतो, दोन्ही मांड्या दोन बाजूंना फाकतात. पुढचा सांधा उघडतो आणि पुस्तक उघडल्यासारखं कडं बाहेर वळतं. त्याला ओपन बुक म्हणतात. या रुग्णांत मूत्रमार्गाला इजा आणि अंडकोषांना सूज बरीच बघायला मिळते. म्हणून लघवीच्या जागी रक्त दिसलं तर कॅथेटर (लघवीची नळी) डोळे झाकून घालायचा नाही, हे नर्सिंग होममधल्या मित्रांसाठी.

स्कूटरला मध्ये टाकी नसते, पण म्हणून सुटका नाही. बाजूने धक्का बसला की माणूस खुब्यावर आपटतो आणि कडं आत चेपतं. त्यात रक्तस्राव सहसा कमी असतो, पण "सहसा" या शब्दावर रात्री २ वाजता पैज लावू नये.

एकशेआठवरचा

मी १०८ वर डॉक्टर आहे, बीएएमएस. (हो, १०८ च्या गाडीत डॉक्टर असतो. हे पुण्यात अजून अर्ध्या लोकांना माहीत नाही, "फक्त ड्रायव्हर पाठवलाय" म्हणून भांडतात.) धागा चांगला आहे, पण दोन गोष्टी मांडतो.

पहिली. बघ्यांकडून कसा पडला हे विचारायला जावं तर पाच जण पाच गोष्टी सांगतात, आणि ज्याने खरंच पाहिलं तो पोलिसांच्या भीतीने निघून गेलेला असतो. त्यामुळे मी गाडीकडे बघतो. टाकीला खळगा पडलाय का, हँडल कुठे वळलंय, कारचं दार किती आत आलंय. माणूस खोटं बोलेल, पत्रा खोटं बोलत नाही.

दुसरी. सर म्हणतात की जोरदार अपघात आणि नाडी पळतेय म्हणजे पेल्विस मोडलेला समजा, म्हणजे बाइंडर (खुब्यांभोवती आवळायचा पट्टा) बांधा. पण अपघात झालेल्या प्रत्येकाची नाडी पळतच असते, भीतीने, वेदनेने. मग काय सगळ्यांनाच बांधायचं? बाइंडरने माणसं वाचतात असा ठाम पुरावा कुठे आहे?

कॅज्युअल्टीवाला

योग्य मुद्दा. बाइंडरमुळे उघडलेलं कडं मिटतं आणि स्थिर राहतं हे दाखवलं गेलंय. त्यामुळे जीव किती वाचतात, यावरचा पुरावा मात्र कमकुवत आहे, त्यात तुमच्याशी सहमत. ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०१६ ची मार्गदर्शिकाही सरसकट बांधा असं म्हणत नाही. मोठ्या ताकदीचा मुका मार आणि पेल्विसमधून रक्तस्राव चालू असल्याचा संशय, अशा वेळी बांधा म्हणते. तिथेही तयार बाइंडरला पसंती आहे, जुगाड तो बसत नसेल तरच.

तरी माझा कल बांधण्याकडेच आहे, आणि तो दोन्हीकडच्या नुकसानीचा हिशोब करून. उगाच बांधलं तर अर्ध्या तासाने हॉस्पिटलात सोडतील, फार तर थोडी कातडी लाल होईल. बांधायला हवं होतं आणि बांधलं नाही, तर उचलताना, गतिरोधकावर आणि स्ट्रेचर बदलताना प्रत्येक वेळी आत हाडाची टोकं घासणार. मात्र शुद्धीतला, न प्यालेला, नाडी-बीपी ठीक, कंबर-जांघेत अजिबात दुखत नाही आणि दुसरी मोठी इजा नाही असा माणूस असेल, तर मी बांधणार नाही. नुसत्या पळणाऱ्या नाडीवर नाही. नाडी वरच्या बीपीपेक्षा जास्त झाली, म्हणजे नाडी १२० आणि वरचं बीपी १००, तर मात्र मी वाद घालत बसणार नाही.

गाडीवाली_ताई

एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. बाई पडली असेल तर हे प्रश्न कुणी विचारतच नाही. लोक आधी साडी नाहीतर ओढणी नीट करतात, मग चप्पल शोधतात. "जांघेत दुखतंय का" हे पुरुष विचारत नाहीत आणि बाई आपणहून सांगत नाही. योनीमार्गातून रक्त आलं तर पाळी असेल असं समजून सोडून देतात. गर्दीत एखादी बाई असेल तर तिनेच पुढे होऊन विचारावं. मी विचारते.

डॉक्टर, गरोदर बाईला बांधता येतं का?

कॅज्युअल्टीवाला

ताई, फार महत्त्वाचं लिहिलंत. अपघातानंतर योनीमार्गातून किंवा गुदद्वारातून रक्त येणं म्हणजे हाडाचं टोक आतून घुसलं असण्याची शक्यता, म्हणजे उघडं फ्रॅक्चर. अँब्युलन्सवाल्याला हे लाज न बाळगता सांगायलाच हवं.

गरोदर बाईला बांधता येतं, कारण पट्टा पोटावर येतच नाही. तो खाली, खुब्यांवर असतो. तिला पूर्ण उताणं मात्र ठेवायचं नाही. ती ज्यावर आहे ते स्ट्रेचर थोडं डावीकडे कललेलं ठेवतात, म्हणजे गर्भाशयाचं वजन मोठ्या शिरेवर येत नाही.

सह्यभटक्या

आम्ही डोंगरातल्या रेस्क्यूत असतो. इथे "१०८ येईपर्यंत पडू द्या" चालत नाही. राजगडावर चोर दरवाजाच्या वाटेवर कुणी घसरला तर पायथ्याच्या गुंजवण्यात आणायलाच काही तास, तेही आठ-दहा माणसांच्या खांद्यावरून. आम्हाला शिबिरात चादरीने बांधायला शिकवलंय, पण पट्टा नेमका कुठे यावा यावर दर वेळी वाद होतो.

कॅज्युअल्टीवाला

तुमच्यासारख्या, शिकलेल्या लोकांनी बांधायलाच हवं. जागा सांगतो, कारण सगळं तिथेच बिघडतं.

पट्टा कमरेवर नाही. बेल्ट लावतो तिथे तर अजिबात नाही. मांडीच्या वरच्या टोकाला बाहेरच्या बाजूने जे हाडाचं टेंगूळ हाताला लागतं, त्यावर पट्ट्याचा मध्य यायला हवा. पँटच्या खिशाचा तळ जिथे येतो साधारण तिथे. बाइंडर लावलेल्या जखमी सैनिकांचे एक्स-रे ब्रिटिश सैन्याच्या डॉक्टरांनी तपासले तेव्हा जेमतेम निम्मे पट्टे योग्य जागी होते, उरलेले बहुतेक वर सरकलेले. वर बसलेला पट्टा कडं नीट मिटवत नाही.

आधी खिसे रिकामे करा. किल्ल्या, मोबाइल, पाकीट राहिलं तर तिथेच कातडी चेपते. मग दोन्ही गुडघे आणि घोटे एकत्र बांधा, पावलं आत वळलेली. एवढ्यानेच बरंच कडं मिटतं, आणि हे कशानेही होतं, ओढणी, क्रेप बँडेज, बॅगेचे पट्टे. चादर लांबीत घडी घालून वीतभर रुंद करायची, गुडघ्यांखालच्या पोकळीतून आत सरकवायची आणि हळूहळू करवतीसारखी हलवत वर आणायची. माणसाला कुशीवर वळवून खाली चादर टाकायची नाही. दोघांनी समोरासमोर बसून दोन्ही टोकं एकाच वेळी ओढायची, अंग न उचलता. पुढे पीळ देऊन पक्की गाठ. पायाचा आकार सरळ दिसायला लागला की थांबायचं, जीव खाऊन आवळायचं नाही. बांधल्याची वेळ कपाळावर किंवा चादरीवर पेनाने लिहा.

शक्यतो कपड्यांच्या आत, कातडीवर बांधतात. पण डोंगरावर पावसात पँट कापत बसण्यापेक्षा वरून बांधलेलं चालेल.

सह्यभटक्या

खिशाचा तळ! एवढं सोपं कुणी सांगितलं नव्हतं. ग्रुपवर टाकतो. कुशीवर वळवायचं नाही म्हणताय, मग स्ट्रेचरवर घ्यायचं कसं?

एकशेआठवरचा

याचं उत्तर मी देतो, रोजचंच आहे. स्कूप स्ट्रेचर. मधून दोन फाका होतात, एक डावीकडून, एक उजवीकडून सरकवायची आणि मध्ये चाप लावायचा. त्यासाठी माणसाला १०-१५ अंशच कलवावं लागतं. पूर्ण कुशीवर वळवलं की सगळं वजन मोडलेल्या बाजूवर येतं. हॉस्पिटलात पोचल्यावरही त्याच स्कूपवरून बेडवर द्यायचं. तिथले वॉर्डबॉय घाईत असतात, "चला, एक, दोन, तीन" म्हणून चादरीने उचलायला जातात. मी सरळ आडवा हात घालतो.

आणि हो, बांधल्यावर ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड, म्हणजे रक्ताची गुठळी टिकवून धरणारं औषध. क्रॅश-२ या २०१० च्या अभ्यासात वीस हजारांवर रुग्ण होते. इजा झाल्यापासून ३ तासांच्या आत दिलं तर मृत्यू कमी होतात, नंतर दिलं तर उलट नुकसानीची शक्यता. डोंगरातून आणणाऱ्यांनी म्हणूनच पडल्याची वेळ पक्की लक्षात ठेवावी.

सदाशिव_पेठी

पोलिसांच्या भीतीने साक्षीदार पळतो, असं वर आलंय. ती भीती आता खरी धरायची का?

काळा_कोट

नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्येच मदत करणाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांवर शिक्कामोर्तब केलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं. प्रामाणिकपणे मदत करताना काही चुकलं तरी दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, हॉस्पिटल तुम्हाला थांबवून ठेवू शकत नाही, पैसे भरायला लावू शकत नाही. शिवाय २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींना ७ दिवसांपर्यंत दीड लाखाचा कॅशलेस उपचार आहे. कागदावरचं आणि कॅज्युअल्टीच्या काउंटरवरचं यात फरक असतो हे मान्य, पण काउंटरवर कलमाचा आकडा सांगितला की आवाज जरा खाली येतो, हा अनुभव.

बुलेटबाबा

कोणत्या हॉस्पिटलात न्यावं? जवळचं की मोठं?

कॅज्युअल्टीवाला

पेल्विसचा संशय आणि नाडी बिघडलेली असेल तर जिथे रक्तपेढी, चोवीस तास ऑर्थो आणि जनरल सर्जन, सीटी आहे तिथे. ससूनसारखं. चौकातल्या दहा बेडच्या नर्सिंग होममध्ये सलाइन लावून तासाभराने "पुढे न्या" म्हणणं म्हणजे तो तास गेला. अपवाद एकच, श्वास अडलाय आणि पुढचा टप्पा लांब आहे.

पोचल्यावर दोन गोष्टी सांगून ठेवा, म्हणजे १०८ वाल्यांनी आणि नातेवाइकांनीही. "बाइंडर लावलाय, अजून सोडलेला नाही." नीट बसलेल्या पट्ट्याने कडं इतकं छान मिटतं की एक्स-रेवर फ्रॅक्चर दिसतच नाही, आणि कुणीतरी "नॉर्मल आहे" म्हणून पट्टा काढून टाकतो. पट्टा काढायचाच असेल तर तज्ज्ञ समोर असताना, आणि नंतर पुन्हा फोटो. दुसरं, सोनोग्राफीत पोटात रक्त नाही म्हणून हुश्श करायचं नाही. पडद्यामागचं रक्त त्यात सहज सुटतं. पट्टा २४ तासांपलीकडे ठेवत नाहीत, कातडी मरते.

वाचनमात्र

इतके दिवस फक्त वाचत होतो, एका प्रश्नासाठी लॉगिन केलं. आई ७८ वर्षांची, बाथरूममध्ये घसरली. एक्स-रे नॉर्मल, तरी चालताना जांघेत कळ येते. आम्ही चादरीने बांधायला हवं होतं का?

कॅज्युअल्टीवाला

नाही, हा वेगळा प्रकार. ठिसूळ हाडांच्या वयस्कर माणसांत साध्या पडण्यानेही कडं तडकतं. ते सहसा उघडत नाही, आत चेपतं, म्हणून आवळून फायदा नाही. पण नॉर्मल एक्स-रेवर थांबू नका. खुब्याची बारीक चीर आणि मागच्या त्रिकोणी हाडाची चीर साध्या फोटोत बऱ्याचदा दिसत नाही. वजन टाकताना दुखतंय म्हणजे सीटी किंवा एमआरआय हवा, आणि तो होईपर्यंत वॉकरशिवाय चालवू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उद्याची वाट न बघता आजच दाखवा, कारण अशा वेळी या साध्या फ्रॅक्चरमधूनही बरंच रक्त जाऊ शकतं. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, नावं मात्र लिहून घेऊन जा.

वाचनमात्र

गोळ्या चालू आहेत. निघतोय.